भिंगबाईची गरम पेटी

रुग्णालयाच्या तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत तिला सगळे भिंगबाई म्हणत. तोंडावरसुद्धा म्हणत, आणि तिला ते आवडे. प्लेटवर उगवलेल्या जंतूंकडे ती भिंगातून एकदा बघे आणि पुटपुटे, "हा जखमेतला नेहमीचा," किंवा "हा कुणाच्या तरी न धुतलेल्या हातावरचा." यंत्राचा रिपोर्ट मागाहून येई आणि बहुधा तिचीच री ओढी. कसलाही वाद निघाला की मोठे डॉक्टर विचारत, "बाईंना दाखवलं का?" या एका वाक्यावर ती ताठ मानेने चालत असे. घरात असं वाक्य तिच्या वाट्याला कधी आलं नव्हतं.

घरात धाकटी होती. धाकट्या दिराची बायको. लग्न होऊन आली आणि पहिल्याच आठवड्यात तिने सासूबाईंचा हरवलेला चष्मा शोधून दिला. तेव्हापासून जे ते धाकटीला विचारून होऊ लागलं. पडदे कुठल्या रंगाचे? धाकटीला विचारा. पाहुण्यांना कुठे झोपवायचं? धाकटीला विचारा. भिंगबाई इतकी वर्षं करत आलेली भाजी एकदा धाकटीने केली, तर भिंगबाईचा स्वतःचा नवरा म्हणाला, "आज काहीतरी वेगळी चव आहे, नाही?" वेगळं काही नव्हतं. मीठ कमी पडलं होतं.

धाकटीचं शिक्षणही तेच, प्रयोगशाळेचं. तिच्या नोकरीसाठी मोठ्या डॉक्टरांकडे शब्द टाकला तोही भिंगबाईनेच. निदान तिथे तरी ही आपल्या हाताखाली राहील, असा तिचा हिशेब होता. तो साफ चुकला.

त्या सुमारास अतिदक्षता विभागात एकापाठोपाठ एका पेशंटच्या रक्तात बुरशी सापडू लागली होती, आणि ती नेहमीच्या औषधाला दाद देत नव्हती. असले निर्ढावलेले जंतू येतात कुठून, एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जातात कसे, यावर संशोधन करायचं ठरलं. त्यासाठी मोठ्या डॉक्टरांनी नेमलं धाकटीला.

"तरुण आहे, वरखाली धावेल," ते म्हणाले. भिंगबाईच्या गुडघ्यांचं नावही त्यांनी काढलं नाही, पण तिला ते स्पष्ट ऐकू आलं.

धाकटी विभागभर फिरली. खाटांचे कठडे, नळ, दारांच्या मुठी, जे दिसेल त्यावरून तिने नमुने घेतले. कुठेच काही निघेना. शेवटी रक्तदाब मोजायच्या यंत्राचा कापडी पट्ट्यावरून तिने नमुना आणला, आणि त्याच्या प्लेटवर पांढुरकी यीस्ट, म्हणजे बुरशीचीच एक जात, उगवली. तिच्यावर धाकटीने औषध मुरवलेल्या कागदी टिकल्या ठेवल्या. औषध चालत असेल तर टिकलीभोवती मोकळं गोल कडं राहतं. इथे यीस्ट टिकलीला खेटून वाढली होती.

"ताई, बघा ना! पट्ट्यावरच बसलीये," धाकटी अक्षरशः नाचत आली.

भिंगबाईने प्लेट घेतली. भिंग न लावताच म्हणाली, "उघडलीस कुठे ही?"

"त्या टेबलावर."

"पंख्याखाली. मग हवेतून पडलेला कचरा उगवणार नाही तर काय? टाकून दे."

मोठे डॉक्टर मागेच उभे होते. "बाई म्हणतायत तर प्रश्नच मिटला," ते म्हणाले. "उद्याच्या बैठकीत पट्ट्याचा विषय नको."

धाकटीचा चेहरा उतरला. तो बघून भिंगबाईला इतकं बरं वाटलं, की दुपारच्या चहात तिने साखर जास्त घातली. पण घोट घेताना एक गोष्ट खुपत राहिली. आपण भिंग लावलं नव्हतं. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

कोपऱ्यात जंतू वाढवायची एक जुनी, लहान पेटी होती. पोट बिघडवणाऱ्या एका जिवाणूसाठी ती नेहमीच्या पेट्यांपेक्षा जास्त गरम ठेवलेली असे, आणि भिंगबाईखेरीज कुणी तिला हात लावत नसे. धुळीतली यीस्ट त्या उष्णतेत तग धरत नाही; पेशंटच्या रक्तातली ती निर्ढावलेली मात्र धरते. फेकायच्या डब्यातून भिंगबाईने धाकटीची प्लेट हळूच उचलली, तारेच्या टोकाने जराशी यीस्ट घेऊन नव्या प्लेटवर ओढली आणि प्लेट गरम पेटीत ठेवली. उद्या ही कोरी निघाली की बैठकीत सगळ्यांसमोर धाकटीपुढे ठेवायची, असं तिने ठरवलं.

सकाळी पेटी उघडली, तर प्लेटवर साय धरली होती.

धाकटीचं बरोबर होतं. पंखा नाही, धूळ नाही. आणि हे जगात तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. फेकायचा डबा हाताशीच होता. आज ही प्लेट त्यात गेली, तर मोठे डॉक्टर जन्मभर "बाईंना दाखवलं का" म्हणत राहतील. बाहेर काढली, तर उद्यापासून इथेही धाकटीलाच विचारतील.

तिने डब्याचं झाकण उघडलं.

"भिंगबाई, हे रक्त घ्या हो," अतिदक्षता विभागातली नर्स धापा टाकत आत आली. "ती बाळंतीण आली ना परवा, तिलाही ताप भरलाय. बाळ बाहेर आजीच्या मांडीवर रडून रडून निळं झालंय."

"तिचा रक्तदाब कुठल्या पट्ट्याने बघता?"

"आहे कुठे दुसरा? होता त्याचा फुगा कधीच फुटलाय. सगळ्यांना एकच फिरतो. का हो?"

"काही नाही. तो पट्टा आता कुणाला लावू नकोस."

"मग मी बीपी काय डोळ्यांनी बघू?"

"प्रसूती विभागात माझं नाव सांग, नवीन असेल त्यांच्याकडे. तुझा इकडे आणून दे, पिशवीत घालून. आणि हात धू आधी!"

बैठकीत भिंगबाईने प्लेट टेबलावर ठेवली. झाकणावर लिहिलं होतं: पट्टा, गरम पेटी.

"ही गरम पेटीत कुणी ठेवली?" मोठ्या डॉक्टरांनी विचारलं.

"ताईंनी," धाकटी पटकन म्हणाली. "त्यांचं असंच आहे. स्वतः खात्री केल्याशिवाय हो म्हणत नाहीत. म्हणून तर काल नको म्हणाल्या."

"वा, बाई! याला म्हणतात नजर."

सगळ्यांनी माना डोलावल्या. भिंगबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. धाकटीला सगळं कळलं होतं, आणि तिने ते झाकलं होतं. वाईट वागायचीसुद्धा सोय या पोरीने ठेवली नव्हती.

बाळंतिणीच्या रक्तातही तीच यीस्ट निघेल असं धरून डॉक्टरांनी त्याच दिवशी औषध बदललं. पट्टा जाळायला गेला. प्रत्येक खाटेला वेगळा पट्टा मागवला.

संध्याकाळी भिंगबाई घरी आली, तेव्हा धाकटी तिच्याआधीच पोचली होती. सासूबाई दारातच म्हणाल्या, "आज तू म्हणे मोठी कामगिरी केलीस."

"कुणी सांगितलं?" भिंगबाईने विचारलं. आज तरी आपल्याबद्दल दोन शब्द ऐकू येतील, असं तिला वाटून गेलं.

"धाकटीनं. किती तोंडभरून सांगत होती गं! असं दुसऱ्याचं कौतुक करायला मन मोठं लागतं. तेवढं आमच्या धाकटीजवळ आहे."

भिंगबाई तडक मोरीत गेली. तिने हात धुतले, नेहमीपेक्षा बराच वेळ.

बाळंतिणीचा ताप उतरल्याची बातमी नर्सने आणली, त्या सकाळी भिंगबाईने गरम पेटीतला वरचा कप्पा रिकामा केला. धाकटीच्या प्लेट्स तिथे मावतील एवढा.

"ताई, हे माझ्यासाठी?" धाकटीने विचारलं.

"कामासाठी," भिंगबाई म्हणाली. "आणि तो पंखा बंद कर आधी."