कूलरवरचा लाल स्टिकर

शुद्धलेखन चुकलं तर माफ करा. मी नववीतून शाळा सोडली, शब्दही साधेच येतात. पण आमच्या टेस्टिंग सेंटरचे किस्से पोटात इतके साचलेत, की आता बाहेर काढले नाहीत तर मलाच करंट लागेल!

चंद्रपुरात आमचं छोटं सेंटर आहे. विजेच्या वस्तू किती वीज खातात, शॉक मारतात का, ते आम्ही तपासतो. मोबाइल टॉवरची अर्थिंगही पाहतो. इंजिनीयर मेश्राम मॅडम, जुने टेक्निशियन वामनभाऊ आणि मी. वस्तू नापास झाली की तिच्यावर 'धोका! वापरू नका' असा लाल स्टिकर लावणं माझं काम. तोंडाने सांगायला मला लाज वाटते. स्टिकर बरा.

या लाजेपायीच तीन ठिकाणी माझं लग्न जमता जमता राहिलं. निरोप एकच, "पोरगा चांगला आहे, पण बोलतच नाई." शेवटी वामनभाऊंनी स्वतः सिंदेवाहीचं स्थळ आणलं. म्हणाले, "आता बोल्ला नाई, तं राह्य जन्मभर मीटरसोबत!"

ते शेवटी सांगतो.

*

गडचिरोलीकडचा एक दुकानदार पंखे घेऊन आला. वीज कमी खाणाऱ्या पंख्यावर तारे असतात, जास्तीत जास्त पाच. याच्या पंख्यावर सात!

मॅडम म्हणाल्या, "भाऊ, पाचच्या वर तारेच नसतात."

"तुमच्या चंद्रपुरात नसन मॅडम. आमच्या इथी जंगल आहे, सगळे दिसतात!"

मी सात ताऱ्यांखाली एक लाल स्टिकर लावला.

*

सिरोंचा रोडवर जंगलात एक टॉवर आहे. अर्थिंग म्हणजे खड्ड्यात मीठ-कोळसा भरून त्यात तार सोडायची, मग भटकी वीज जमिनीत जाते. या टॉवरची अर्थिंग दर उन्हाळ्यात फेल!

वामनभाऊंनी वॉचमनला विचारलं, "मीठ कुठी गेलं बे?"

"चितळं चाटून गेली ना भाऊ. गरमीत त्याईले बी मीठ पायजे."

मॅडमनी रिपोर्टमध्ये खरं कारण लिहिलं : चितळ.

हेड ऑफिसमधून फोन आला, "हा चितळ कोणत्या कंपनीचा आहे? लगेच बदलून टाका!"

*

मे महिन्यात आमच्याच ऑफिसचा कूलर शॉक मारू लागला. मी नियमाप्रमाणे स्टिकर लावला. बंद कूलरसमोर तिघंही घाम पुसत बसलो.

वामनभाऊ म्हणाले, "मॅडम, एक घंटा चालू द्या नं. मी लांब बसतो."

"स्टिकर निघेपर्यंत नाही!"

तेवढ्यात एक गिऱ्हाईक नवा कूलर तपासायला ठेवून गेलं. पाच मिनिटांत पास झाला. तरी वामनभाऊंनी तो दोन दिवस तपासला. म्हणाले, "टेस्टिंग कशी बारीक पायजे!"

*

आता सिंदेवाही. मुलीचे वडील कूलर बनवून विकतात, हे वामनभाऊंनी मला सांगितलंच नव्हतं. बैठकीत त्यांच्याच हातचा लोखंडी कूलर धडधडत होता.

"पूर्ण तालुक्यात आपलाच माल आहे," ते सांगत होते.

मुलगी, म्हणजे वर्षा, पोहे घेऊन आली. ट्रे ठेवताना तिचं कोपर कूलरला लागलं. तिने नुसता हात झटकला. जणू रोजचंच.

मी उठलो. खिशातला टेस्टर कूलरला लावला, दिवा पेटला. प्लग काढला. आणि हाताच्या सवयीने वरच्या खिशातला लाल स्टिकर काढून कूलरच्या मधोमध लावला.

धडधड थांबली. नुसतं कूलरचं पाणी टपकत होतं.

"पोरगी पाहाले आला का कूलर?" वडील ओरडले.

वामनभाऊंनी कपाळाला हात लावला.

वर्षाच बोलली, "बाबा, मी दोन वर्सापासून सांगून राह्यली, करंट मारते म्हणून. तुमी म्हणता, ओला हात काऊन लावतेस!"

"तू चूप! अन् तुमी निघा!"

निघालो. दारातून वळून पाहिलं, तर स्टिकरचं एक टोक सुटलं होतं. वर्षा ते अंगठ्याने दाबून पक्कं चिकटवत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच पहिल्या बसने सिंदेवाहीला निघालो. सोबत खड्डा खणायची सब्बल, तार, मीठ आणि अर्धं पोतं कोळसा.

कंडक्टरने सब्बलीकडे पाहून विचारलं, "विहीर खोदाले चालला का भाऊ?"

"नाई," मी मोठ्याने म्हणालो, "पोरगी पाहाले!"