पाहुण्यांची कपबशी

दुष्काळाच्या साली हेमावतीनं कोर्टात जाऊन परजातीतल्या रामहरीशी लग्न लावलं, तेव्हा तिच्या बापानं, निंगप्पानं, अख्ख्या होटगीला ऐकू जाईल असं सांगितलं होतं, की माझी लेक मेली. निंगप्पा रेल्वेत गँगमन. एकदा म्हटलं की म्हटलं. लेकीचं सासर सोलापुरात, एसटीनं अर्ध्या तासावर, पण इतक्या वर्षांत त्यानं तिचं तोंड पाहिलं नाही. हेमावतीही त्याचीच लेक. तीही फिरकली नाही.

मग निंगप्पाला घशाचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी हात टेकले आणि भावाचा, चनबसूचा, निरोप आला. तेव्हा कुठं हेमावती आली.

भावजयीनं लगबगीनं सतरंजी अंथरली, फळीवरची कपबशी काढली. घरची माणसं चहा पितळीतून प्यायची, कपबशी पाहुण्यांसाठी. हेमावती ती धरून कडेला अवघडून बसली.

बाजेवरून निंगप्पा बघत होता. त्यानं कपाळाला आठ्या घालून हात झटकला. चनबसूला वाटलं, हाकलतोय.

"अक्का, तू जरा बाहेर थांब," तो हळूच म्हणाला.

निंगप्पा लेकीवर खेकसला. आवाज फाटक्या भात्यासारखा निघाला. "पावनी हाईस व्हय गं? म्हस कवाधरनं वरडतीया. पाणी कोण दावनार तिला?"

भावजय बादलीकडं धावली. हेमावतीनं बादली तिच्या हातातून हिसकून घेतली.

"सोड," ती म्हणाली, "मला सांगितलंय."