गढची गंगा आणि आईंची ओटी

नव्वदच्या दशकात आम्ही दोघं दिल्लीत सरकारी नोकरीत होतो. मयूर विहारच्या नव्याकोऱ्या फ्लॅटमध्ये लेकीला, ईशाला, सांभाळायला सासूबाई पुण्याहून आल्या आणि वर्षानुवर्षं राहिल्या. सासरे रिटायर झाले, तशा त्या परत निघाल्या. जाताना मागणं एकच: "गंगेची ओटी भरायची आहे." त्यांचे आभार कसे मानायचे हे मला सुचत नव्हतं. निदान एवढं तरी व्हायलाच हवं होतं.

नवऱ्याने, शिरीषने, गढमुक्तेश्वर शोधलं. हस्तिनापूरइतकं जुनं म्हणतात हे गाव, आणि गाडीने अर्ध्या दिवसात जमणारं. (कार्तिक पौर्णिमेची जत्रा टाळा, मुंगीला शिरायला जागा नसते.) वाटेत पिलखुव्याला चादरी स्वस्त आणि छान मिळतात. मी एक घेतली. हापुडला पापड घेतले.

"आजी, ओटी म्हणजे?" ईशाने विचारलं.

"बाईला निरोप देताना पदरात नारळ, तांदूळ, खण घालायचा. रिकामं पाठवायचं नाही."

गढला टेकाडावर गंगेचं मंदिर आहे. तिथून पायऱ्या उतरल्या की गंगा, हे आमचं गणित. आई गुडघे धरून, बसत-उठत उतरल्या. खाली पाहतो तर नुसता रस्ता आणि शेतं!

फुलवाला हसला. "माताजी, गंगाजी तो कब की सरक गईं. अब ब्रजघाट पे मिलेंगी."

शिरीषचं तोंड उतरलं. आई मात्र पिशवी सावरत म्हणाल्या, "मिलेंगी ना? फिर चलो."

ब्रजघाट गाडीने जवळच आहे. नावेचे पैसे तेवढे आधी ठरवून घ्या. पाण्याशी बसून आईंनी मनासारखी ओटी भरली. एखादा नारळ नासका निघेल म्हणून त्या नेहमी दोन घेतात, त्यामुळे एक उरला होता. मूठभर तांदूळही होते. मी त्यांना म्हटलं, "आई, पदर पुढे करा."

"अगं, सून सासूची ओटी भरते का कधी? आणि खण कुठाय?"

मी पिलखुव्याची चादरच पदरात घातली. "माहेराहून रिकामं पाठवत नाहीत, आई."

त्यांनी चादर पोटाशी घट्ट धरली. मला रडू आवरेना.

आज तो रस्ता रुंद झालाय. तुम्ही जाल तर आधी त्या कोरड्या पायऱ्या बघा आणि मगच घाटावर जा. आमच्याकडे त्या दिवसाचा एकही फोटो नाही. पण आई पुण्याला पोचल्या, त्यांचा फोन आला आणि शिरीषने उचलला. पहिलंच वाक्य, जे त्या पुढे अखेरपर्यंत दर फोनला म्हणत राहिल्या:

"काय रे, माझ्या माहेरी सगळे बरे आहेत ना?"