दोन सीटची गाडी

माझ्या वडिलांनी एकोणीस वर्षं बोर्ली पंचतन ते श्रीवर्धन अशी प्रवासी जीप चालवली. गुडघे गेले तेव्हा त्यांनी चावी माझ्या हातात दिली. "चालव," एवढंच म्हणाले. मी बावीस वर्षांचा होतो, लायसन्स काढून जेमतेम दोन वर्षं झाली होती. मासळीच्या टोपल्या, मागे लोंबकळणारी माणसं आणि रोजची तीच वळणं. नुसत्या विचारानं मला गुदमरल्यासारखं व्हायचं.

त्याच सुमाराला दिवेआगरच्या किनाऱ्यावर लग्नाआधीचे फोटो काढायला पुण्या-मुंबईची जोडपी यायला लागली होती. एक फोटोग्राफर सहज बोलून गेला, "इथं एखादी स्पोर्ट्स कार भाड्यानं मिळाली तर लोक तुटून पडतील." ते माझ्या डोक्यात बसलं. महिन्याभरात मी जीप विकून टाकली आणि पनवेलला जुन्या गाड्यांच्या बाजारात एक लाल स्पोर्ट्स कार पसंत केली. अकरा वर्षं वापरलेली, दोन दरवाजे, दोन सीट.

वडील बरोबर आले होते. दलाल मला इंजिनाचा आवाज ऐकवत होता आणि तो आवाज माझ्या पोटात घुमत होता. वडील कसेबसे वाकले आणि त्यांनी जमीन आणि बंपर यांच्यामध्ये हात उभा सरकवून अंतर मोजलं. चार बोटं मावली, पाचवं मावलं नाही. मग त्यांनी बॉनेट उघडायला लावलं, रेडिएटरच्या कडेनं बोट फिरवलं, नाकाशी नेलं.

"ही पाणी खातेय," ते म्हणाले. "आन् आपल्या रस्त्याला ही चालायची न्हाय."

"बाबा, तुम्हाला गाडी म्हणजे किती सीटा भरल्या एवढंच कळतं," मी दलालासमोर म्हणालो.

त्यांनी बॉनेट हळूच खाली लावलं. येताना माझ्या शेजारी बसून आले. माणगावला चहासाठी थांबलो, तर त्यांना त्या खोल सीटवरून उठताच येईना. गुडघे छातीला टेकलेले, हात दरवाज्याला. मी हसलो. खरंच हसलो. त्यांनी चहा आत बसूनच घेतला.

गाडी आमच्या घराकडच्या दगडी पाखाडीवर चढायची नाही, म्हणून मी ती खाली डांबरी रस्त्याच्या कडेला, चिंचेखाली लावायचो. पहिल्या दोन महिन्यांत पाच-सहा जोडपी आली. पण वाळूत चाकं रुतायची, खाऱ्या वाऱ्यानं दरवाज्यांच्या बिजागऱ्या गंजल्या, आणि बाबांनी सांगितलं होतं तसंच झालं. रेडिएटर गळायला लागला. त्याचा सुटा भाग आमच्याकडे कुठेच मिळत नव्हता. मी डिकीत पाण्याचे कॅन ठेवायचो आणि दर खेपेला ओतायचो. होईल, बघू, असं म्हणत उन्हाळा आला.

मे महिन्यातला रविवार होता. दुपारी आई वाडीतून ओरडत आली. बाबा पंप बंद करायला गेले होते आणि सुपारीच्या झाडाला धरून खाली बसले होते. अंग घामानं भिजलेलं, डावा हात दुखतोय म्हणत होते, जबडाही. शेजाऱ्याच्या रिक्षात घालून त्यांना गावातल्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी ईसीजी काढला, जिभेखाली गोळी ठेवली आणि मला बाजूला घेतलं.

"अटॅक आहे. मोठा आहे. माणगावला न्या, आत्ता. अँब्युलन्स हरिहरेश्वरला पेशंट घ्यायला गेलीय, तिला यायला तास तरी लागेल. तुझी गाडी आहे ना?"

ओळखीच्या सगळ्यांना फोन केले. ऐन सीझनचा रविवार. ज्याची म्हणून गाडी होती तो पर्यटक घेऊन कुठेतरी गेला होता. ती रिक्षा घाटात चढणारी नव्हती. मी धावत जाऊन लाल गाडी आणली.

बाबांना आत बसवायला तिघे लागले. त्यांचे गुडघे वाकेनात, आणि वाकवले की ते कण्हत होते. सीट मागे जाईल तेवढी नेली, तरी त्यांना आडवं होता येत नव्हतं. आई हातात पाण्याची बाटली आणि कागदांची पिशवी घेऊन दाराशी उभी होती.

"मी कुठं बसू?" तिनं विचारलं.

मी तिच्याकडे पाहिलं. जागा नव्हतीच. तिनं पिशवी बाबांच्या पायाशी ठेवली आणि म्हणाली, "जा. जा तू."

म्हसळ्याच्या रस्त्यावर किती गतिरोधक आहेत ते मला त्या दिवशी कळलं. प्रत्येकाशी गाडी जवळजवळ थांबवायची, तिरकी करायची, एकेक चाक चढवायचं. तरी तळ घासायचा. तो आवाज झाला की बाबा डोळे घट्ट मिटायचे. पुढे परतणाऱ्या पर्यटकांची रांग लागलेली. मी हॉर्न वाजवत होतो, दिवे मारत होतो. पुढच्या गाडीतली पोरं मागच्या काचेतून वळून मोबाइलवर माझा व्हिडिओ काढायला लागली. एका बाइकवाल्यानं शेजारी येऊन अंगठा दाखवला आणि ओरडला, "पळव ना भाऊ!" मी काच खाली करून "पेशंट हाय, पेशंट!" म्हणून ओरडलो. त्याला ऐकू गेलं नसावं. तो हसून पुढे गेला.

म्हसळा मागे पडलं. घाट लागला. बाबांनी डोळे उघडले.

"गरम झालीय," ते पुटपुटले.

"बाबा, बोलू नका."

"वास येतोय. बंद कर."

"थोडंच राहिलंय बाबा."

काटा लाल पट्टीत जाऊन टेकला होता, तो मी केव्हाच पाहिला होता. घाईत कॅन भरायचे राहिले होते, हेही मला ठाऊक होतं. दुसऱ्या वळणावर बॉनेटमधून वाफ उसळली, समोरचं दिसेनासं झालं आणि गाडी बंद पडली.

मी रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो, हात जोडून. पहिली गाडी कडेनं निघून गेली. दुसरीत माणसं एकमेकांच्या मांडीवर बसली होती. चालक ओशाळून म्हणाला, "दादा, जागाच नाही हो." तिसरीनं वेग कमी केला, काच खाली आली, कोणीतरी वाफाळणाऱ्या लाल गाडीचा फोटो काढला आणि काच वर गेली. मी परत बाबांपाशी आलो. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. मी त्यांचा हात धरला, तो गार होता आणि ओला होता. मला रडू येत नव्हतं. घशातून नुसता आवाज येत होता. त्यांना पाठीवर घेऊन चालत निघावं असंही वाटलं, आणि मी खरंच त्यांच्या काखेत हात घातले. तेवढ्यानंच ते विव्हळले.

तेवढ्यात खालच्या वळणावरून एसटी आली आणि मी हात करायच्या आधीच थांबली. दारातून आई उतरली.

आम्ही निघाल्यावर ती तशीच स्टँडवर धावली होती आणि सुटणाऱ्या गाडीत चढली होती. वाटभर चालकाच्या मागे उभी राहून ती लाल गाडी दिसते का बघत होती. कंडक्टर आणि चार माणसांनी बाबांना उचललं. लोकांनी मागचं लांब बाक मोकळं करून दिलं. आईनं बाबांचं डोकं मांडीवर घेतलं. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही.

चालक मोठ्यानं म्हणाला, "आता मधे कुठंच थांबणार नाय." मधल्या स्टॉपवर उतरणारी सात-आठ माणसं होती. कोणी हूं की चूं केलं नाही. एक म्हातारी पदरानं बाबांना वारा घालत राहिली.

माणगावला डॉक्टरांनी विचारलं, "दुखायला कधी लागलं?" मी वेळ सांगितली. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि नर्सला हाक मारली. तिसऱ्या दिवशी सांगितलं, की माणूस वाचला, पण हृदयाचा बराच भाग निकामी झालाय. थोडं लवकर आणलं असतंत तर, असं म्हणता म्हणता ते थांबले.

पाचव्या दिवशी बाबा माझ्याशी पहिल्यांदा नीट बोलले.

"गाडी कुठंय?"

"घाटातच आहे."

"घेऊन ये. वळणावर उभी ठेवू नये. कुणी येऊन आदळंल."

मी गेलो. दोन्ही आरसे कोणीतरी काढून नेले होते. टोइंगवाल्याची वाट बघत मी डावीकडच्या सीटवर बसलो. त्या बाजूला मी कधी बसलोच नव्हतो. गुडघे नाकाशी आले. समोर लाल बॉनेट आणि वर आभाळ, रस्ता दिसतच नव्हता. सीटवर घामाचा पांढरा डाग वाळला होता. तेव्हा मला रडू आलं.

ती गाडी मी भंगारात दिली. आता मी दुसऱ्याचा टेम्पो चालवतो. बाबा पडवीपर्यंत चालतात, तिथे खुर्चीत बसतात. वाडीत जायला त्यांना दम पुरत नाही. त्या दिवसाबद्दल त्यांनी मला एका शब्दानं विचारलेलं नाही, आईनंही नाही. जेवायला बसलो की मी वाट बघतो, आज कोणीतरी बोलेल म्हणून. आई भात वाढते, बाबा मीठ मागतात, आणि जेवण संपतं.