मेओने उंच ठोकलेला खिळा

मूर्ती टांगायचा खिळा मेओने मुद्दाम उंच ठोकला. जन्मभर त्याने एकच काम केलं. बड्या घरच्या भिंतीवरच्या संगमरवरी मारियामातेचा साचा घ्यायचा, त्यात चुन्याचा लगदा ओतायचा आणि रंगवून ती माता फ्लोरेन्सच्या साध्या घरांत पोचवायची. या खेपेला मात्र पाववाल्या पिप्पाबाईच्या लेकीचं लग्न तोंडावर आलं, म्हणून चुना पुरता वाळायच्या आतच रंग द्यावा लागला. आणि मातेपुढे आलेली बाई त्या मातेच्या कडेवरच्या बाळाच्या पावलाचा मुका घेतल्याशिवाय हलत नाही. रंग निघाला, तर गल्लीत मेओला पुन्हा कोणी दारात उभं करणार नव्हतं. म्हणून ओठ पोचणार नाहीत इतका उंच खिळा.

"एवढ्या उंच? देवाच्या आईला माळ्यावर चढवलीस की काय रे?" म्हणत पिप्पाबाईने स्टूल ओढलं.

"पडाल, बाई." मेओ स्टुलाला आडवा आला.

ती चढलीच. वळली तेव्हा तिचे ओठ गुलाबी झाले होते आणि बाळाचं पाऊल पांढरंफटक. बोटाने ओठ पुसून तिने बोट त्याच्यापुढे धरलं.

"का रे, संगमरवराचं असतं, तर रंग निघाला असता?"

मेओ म्हणाला, "नाही, पिप्पाबाई. संगमरवराच्या पावलाने तुमच्या ओठांना नुसता गारठा दिला असता."