पहिला घाव साक्षीदाराचा

आमच्या शनिवारवाल्या गुरांच्या डॉक्टरांचा हात फार चालायचा. जनावरांवर नव्हे, माणसांवर. काष्टीच्या बैलबाजारात एकदा एक व्यापारी बसलेल्या बैलाला उठवण्यासाठी पराणी टोचत होता, म्हणजे टोकाला खिळा ठोकलेली काठी. बैलाच्या मांडीवरून रक्त ओघळत होतं. डॉक्टर आले, पराणी हिसकावली आणि तिचा खिळा त्या व्यापाऱ्याच्या मांडीत घातला. माणूस गुरासारखा ओरडला. "तू लगेच उठलास," डॉक्टर म्हणाले, "कारण तुझा खूर सडलेला नाही. त्याचा सडलाय." मग माझ्या दुकानातून आयोडीन मागवून त्यांनी आधी बैलाचा खूर धुतला आणि उरलेलं व्यापाऱ्याच्या मांडीवर ओतलं. तो पुन्हा ओरडला. बाजार हसून लोळायचा बाकी राहिला.

माझं जनावरांच्या औषधांचं आणि पेंडीचं दुकान त्यांच्या दवाखान्याला लागून होतं, त्यामुळे ही मारामारी मला रोज फुकट बघायला मिळायची. सरकारी नोकरीतून ते श्रीगोंद्याला आले, निवृत्तीनंतर काष्टीत राहिले. बायको लवकर गेली. मुलगी लग्न करून इस्राएलला, अश्दोद नावाच्या गावी. डॉक्टर बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातले मराठी ज्यू. त्यांचे पूर्वज अलिबागकडे तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे. डॉक्टरही शनिवारी पेन धरत नसत, गाडी काढत नसत, पैशाला शिवत नसत. आणि काष्टीचा बाजार नेमका शनिवारचा! आमच्या लोकांनी आपला अर्थ लावला: डॉक्टर शनिदेवाचे फार कडक. शनीचं एवढं मोठं देवस्थान आपल्याच जिल्ह्यात, दुसरं काय सुचणार? मग कुणी शनिवारी त्यांच्या ओट्यावर तेलाची बाटली ठेवून जायचं, कुणी काळे तीळ. डॉक्टर आधी चिडले, मग थकले. "आमच्या पूर्वजांनी तेल विकलं," ते म्हणायचे, "मला ते घरपोच मिळतंय. तक्रार कशाला करू?" जनावर अडलं असेल तर मात्र शनिवारीसुद्धा पायी निघायचे, आणि वाटभर मालकाला शिव्या.

सकाळी दवाखाना उघडला की ते उजव्या हाताने डोळे झाकून प्रार्थना म्हणत. देव एकच, एवढंच तिचं सांगणं. मी एकदा डिवचलं, "देवावर डोळे झाकून विश्वास ठेवता, आणि माझ्या पेंडीच्या पोत्यात मात्र हात घालून बघता!" ते म्हणाले, "सुनंदाबाई, देवाबद्दल माझं चुकलं तर नुकसान माझं. पेंडीबद्दल चुकलं तर गाय मरते. माणसाबद्दल चुकलं तर माणूस मरतो. जिथं दुसऱ्याचा जीव जातो तिथं डोळे झाकायची परवानगी नाही." मला राग आला. पोतं मात्र दुसऱ्या दिवसापासून मीच उघडून दाखवू लागले.

मोबाईलमधल्या त्या सगळ्याची उत्तरं देणाऱ्या यंत्राशी त्यांची गाठ माझ्या भाच्यामुळे पडली. किरण माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा. गोठा त्याचा, गाई त्याच्या, अंगात रग भरपूर. त्याची एक गाय चारा खाईना. डॉक्टर म्हणाले, अपचन आहे. किरणने लक्षणं मोबाईलवर घातली आणि यंत्र म्हणालं, पोटात तार किंवा खिळा गेला असेल. डॉक्टरांनी त्याला हाकललं. गाय कण्हायला लागली तेव्हा स्वतःच त्याच्या गोठ्यात गेले, पुन्हा तपासलं आणि तिचं पोट फाडलं. खांद्यापर्यंत हात आत घालून त्यांनी रक्ताने माखलेली तार ओढून काढली, ती सगळ्यांपुढे नाचवली आणि ओरडले, "हरलो! यंत्र जिंकलं!" इतकं आनंदाने हरलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. नंतर गायीला टाके घालताना त्यांनी किरणला बजावलं, "ते बरोबर आलं म्हणून त्याच्यावर विश्वास टाकू नको. का बरोबर आलं, ते विचार." किरणने गावभर सांगितलं, "माज्या मोबाईलनं डाक्टरला गार केलं." पुढचं वाक्य त्याने कुणालाच सांगितलं नाही. मला वाटतं त्याला ते ऐकूच गेलं नव्हतं.

त्यानंतर दुपारच्या वेळी डॉक्टर स्वतः त्या यंत्राशी बोलू लागले. बोलणं कसलं, भांडणच. भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं: "मूर्खा, हे तू कुठून काढलंस? पुरावा दे!" मी विचारलं, काय चाललंय. ते म्हणाले, "आमच्यात शिकायचं म्हणजे दोघांनी समोरासमोर बसून भांडायचं. काष्टीत माझ्याशी भांडायला दुसरा ज्यू नाही, म्हणून हे." आठवडाभरात मात्र कंटाळले. "हे फार लवकर ऐकतं माझं," म्हणाले. "दोनदा ओरडलो की माफी मागतं. मी चुकीचा असलो तरी मागतं! असला भांडखोर काय कामाचा?"

मी म्हटलं, "एवढं हुशार आहे, तर उद्या न्यायाधीश होईल."

"साक्षीदारसुद्धा होणार नाही. आमच्या जुन्या कायद्यात कट करून खोटी साक्ष दिली तर आरोपीला जी शिक्षा होणार होती ती साक्षीदाराला. याला काय शिक्षा देणार? चार्जर काढून घेणार?" मग स्टुलावर पाय घेऊन त्यांनी त्या जुन्या कायद्याचं आणखी सांगितलं. देहान्ताची शिक्षा होण्याजोगा गुन्हा असेल आणि झाडून सगळे न्यायाधीश दोषी म्हणाले, एकानेही आरोपीची बाजू घेतली नाही, तर त्याला सोडून द्यायचं. किरण तिथेच सरकी घ्यायला आला होता. तो खो खो हसला. "समदे म्हनत्यात म्हंजी खरंच असंल की!" डॉक्टर त्याच्याकडे वळले. "समदे म्हणतात," ते म्हणाले, "म्हणजे कुणीच विचार केला नाही."

मग तो शनिवार आला. बाजार भरला होता, ऊन डोक्यावर होतं. रफिक म्हणून एक टेम्पोवाला श्रीरामपूरकडून दर बाजाराला कडबा घेऊन यायचा आणि बैल घेऊन जायचा. कमी बोलणारा माणूस. माझ्या दुकानासमोर टेम्पो लावून तो डबा खायचा. त्या दिवशी सकाळपासून लोकांच्या मोबाईलवर एक व्हिडिओ फिरत होता: रफिकच्या टेम्पोसारखाच लाल टेम्पो, रफिकचा स्पष्ट दिसणारा चेहरा, आणि एका रडणाऱ्या पोराला तो पोत्यात कोंबतोय. किरणने मलाही तो दाखवला. पोराचं रडणं ऐकून मलाही ते खरं वाटलं. मी काही बोलायच्या आत बाहेरून आरोळी आली, "ह्योच त्यो! धरा!"

त्याला टेम्पोतून ओढून काढलं तेव्हा त्याच्या हातात अजून भाकरी होती. आधी चपला पडल्या, मग लाथा, मग बैल बांधायचे दोर. कुणीतरी पराण्या आणल्या. रफिक "बच्चा नहीं, बच्चा नहीं" म्हणत होता, मग तोंडात रक्त आलं आणि शब्द बंद झाले. किरणच्या हातात शिवळ होती, जुवाला बैलाच्या मानेशी लावतात ती जाड लाकडी खुंटी. ती त्याने रफिकच्या गुडघ्यावर मारली. हाड मोडल्याचा आवाज मी दुकानाच्या पायरीवरून ऐकला. मी ओरडत होते, पण त्या गर्दीत माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता.

डॉक्टर ओट्यावरून उठले. कोपरांनी, गुडघ्यांनी, एकाच्या नाकावर मूठ मारून ते आत घुसले आणि रफिकच्या अंगावर दोन्ही पाय फाकून उभे राहिले. सदरा फाटलेला, टोपी गेलेली.

"पोर पळवताना कुणी पाहिलं?"

"समद्यांनी पाह्यलं!"

"स्वतःच्या डोळ्यांनी? कुठं?"

"मोबाईलवर हाय की! तुमीबी बघा!"

"मोबाईल राहू द्या. आमच्या कायद्यात मारायचंच ठरलं तर पहिला घाव साक्षीदाराचा. दुसऱ्या कुणाचा नाही. ज्यानं समोर उभं राहून पाहिलं, त्यानं पुढं यावं आणि मारावं. मी बाजूला होतो. या!"

कुणी आलं नाही. खरं सांगते, पराणी घेतलेले हात खाली गेले. एक म्हातारा शेतकरी शेजाऱ्याला विचारू लागला, "पोरगं कुन्या गावचं म्हनं?" शेजाऱ्याला माहीत नव्हतं. त्याने पुढच्याला विचारलं. त्यालाही माहीत नव्हतं. मला वाटलं, सुटला रफिक.

तेवढ्यात डॉक्टरांच्या मागून शिवळ आली, कानाच्या वर. किरणचा चेहरा मी समोरून पाहिला. डोळे त्याचेच होते, पण मी त्या पोराला अंगाखांद्यावर खेळवलंय हे त्या क्षणी मला खरं वाटेना. डॉक्टर रफिकवर कोसळले आणि तिथून हललेच नाहीत. पोलीस येईपर्यंत जे घाव पडले ते त्यांच्या पाठीवर पडले. उचलून जीपमध्ये घालताना त्यांनी पोलिसाच्या हाताला हिसडा दिला. "आधी त्याला घ्या, गाढवा."

रफिक वाचला. एक पाय कायमचा वाकडा झाला, पण वाचला. पोलिसांनी आसपासची सगळी गावं विचारून काढली. एकही पोर हरवलेलं नव्हतं. व्हिडिओ बनवलेला होता, चेहरा रफिकचा, बाकी सगळं यंत्राने केलेलं. कुणी केला ते आजवर कळलेलं नाही. जे पोर कधी जन्मालाच आलं नाही, त्याच्यासाठी काष्टीच्या बाजारात दोन माणसांचं रक्त सांडलं. याची मला अजून लाज वाटते आणि संताप येतो.

इस्पितळात डॉक्टरांचा जबाब घ्यायला पोलीस साहेब आले तेव्हा मी जवळ होते. डॉक्टरांचा एक कान कायमचा गेला होता. साहेबांनी मोबाईल पुढे केला. कुणीतरी मारहाणीचंही चित्रीकरण केलं होतं. "हा बघा, किरण. शिवळ मारताना. ओळखा आणि सही करा."

"मला मागून लागलं. मी पाहिलं नाही."

"अहो, व्हिडिओत दिसतोय की!"

"व्हिडिओत रफिकसुद्धा दिसत होता," डॉक्टर म्हणाले.

साहेबांनी मोबाईल खिशात घातला. डॉक्टर माझ्याकडे बघत नव्हते. मुद्दाम बघत नव्हते.

दुसऱ्याच दिवशी बहीण दारात. पदर डोळ्याला लावून म्हणाली, "आक्का, त्यो डाक्टर सोता म्हनतोय, म्या न्हाई पाह्यलं. मंग तुला काय पडलंय? तू गप ऱ्हा. माजं एकच लेकरू हाय गं." ती रडत होती आणि तिचं काय चुकत होतं? मी डॉक्टरांकडे गेले, सरळ विचारलं, "मी काय करू?" ते संतापले. "मला विचारू नका. तुम्ही काय पाहिलं तेही मला सांगू नका. मला कळलं की तुमचं ओझं हलकं होईल."

"तुम्ही त्याला सोडलंत, मग मी का अडकवू?"

"मी सोडलं नाही. मी पाहिलं नाही. आणि प्रश्न नुसता माझ्या डोक्यावरच्या घावाचा असेल तर मी सोडीनही, पण रफिकचा पाय माझा नाही."

घरी येऊन मी अखेर त्या यंत्रालाच विचारलं. त्याने फार समजूतदारपणे लिहिलं: हा निर्णय कठीण आहे, दोन्ही बाजू अशा अशा आहेत, जवळच्या माणसाशी बोला. सगळं बरोबर होतं. पण त्याला बहीण नव्हती. मी मोबाईल उशीवर आपटला.

खटला उभा राहीपर्यंत डॉक्टरांची मुलगी येऊन त्यांना घेऊन गेली. जायच्या आधी त्यांनी घरी एलियाहू पैगंबराच्या नावाने मलिदा केला: भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वर फळं. रफिक कुबडी घेऊन आला होता. दोघांनी एका ताटलीतून खाल्लं. जाताना डॉक्टर मला म्हणाले, "पेंडीत भेसळ करू नका," आणि गाडीत बसले. एवढाच निरोप.

श्रीगोंद्याच्या कोर्टात मी उभी राहिले. वकिलाने विचारलं, व्हिडिओत पाहिलं की डोळ्यांनी? मी म्हटलं, डोळ्यांनी. कोण होतं? मी नाव घेतलं. बहीण मागच्या बाकावर बसली होती. ती उठून बाहेर गेली. त्या दिवसापासून तिचं दार मला बंद आहे.

संध्याकाळी मी अश्दोदला फोन लावला. सगळं सांगितलं. "पुन्हा सांगा," ते म्हणाले. मला वाटलं, चांगल्या कानाशी फोन धरायला विसरले. मी पुन्हा सांगितलं.

"नाव घेताना आवाज कापला?" त्यांनी विचारलं.

"कापला. पाणी मागावं लागलं."

"मग ती साक्ष होती," डॉक्टर म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना रडताना मी ऐकलं. मीही रडले.

त्यानंतर तिकडून फोन आला तो त्यांच्या मुलीचा, डॉक्टर गेले म्हणून सांगणारा.