डावी बाही

आमच्या किनाऱ्यावर थंडी जेमतेम पंधरा दिवस येते आणि मी विणकाम त्या पंधरा दिवसांतच करते. बाकी वर्षभर हात घामेजलेले असतात, लोकर बोटांना चिकटते आणि माझं डोकं तापतं. त्यामुळे नवऱ्याचा स्वेटर मी नऊ जानेवाऱ्या विणत होते. पाठ, पुढचा भाग, गळ्याची पट्टी आणि उजवी बाही एवढं झालं होतं. डावी बाही नव्हती.

पेटीत या स्वेटरला सोबत भरपूर होती. तीन बाजू शिवलेली गोधडी, हूक न लावलेले दोन ब्लाउज, मुलीसाठी कापून ठेवलेला फ्रॉक. मुलगी आता नोकरी करते. मी शाळेत मुख्याध्यापिका आहे. पोरांच्या वहीवर लाल पेनाने ‘अपूर्ण’ लिहिताना माझा हात जरासुद्धा अडखळत नाही.

नवरा निवृत्त झाला आणि कारखान्यातल्या जुन्या मित्राबरोबर त्याचं मे महिन्यात हिमाचलला जायचं ठरलं. मित्र थळचा. दोघांनी आयुष्यात बर्फ पाहिला तो गोळेवाल्याकडे आणि मासळीच्या पेटीत.

“अलिबागला जाऊन एक स्वेटर घेऊन या,” मी म्हटलं.

“कशाला? माझा आहे ना.”

“कुठे आहे?”

“पेटीत.”

नऊ वर्षांपूर्वी याच माणसाला मी दुकानातून रिकाम्या हाताने बाहेर आणलं होतं. विकतच्या स्वेटरला ऊब नसते, मी घरी विणते, असं दुकानदारासमोर ऐकवलं होतं. तेव्हापासून त्याने एकदाही विचारलं नाही. आता शांतपणे म्हणाला, “झाला तर नेईन. नाहीतर चादर आहे.”

दर पावसाळ्यात याची छाती भरते, महिनाभर खोकतो. तरी हा बर्फात चादर गुंडाळून उभा राहिला असता आणि विचारणाऱ्याला सांगितलं असतं की बायको विणतेय. हट्टी माणसं आरडाओरडा करत नाहीत, तेच वाईट.

मग मी मे महिन्यात विणायला बसले. पाय गार पाण्याच्या बादलीत, पंखा पाचवर, बोटांना टाल्कम पावडर. दोन ओळी विणायच्या की परत पावडर. त्यात लोकर अपुरी पडली. तो राखाडी रंग येऊन आता जमाना झाला, असं दुकानदार म्हणाला. मी निळसर राखाडीवर भागवलं.

खरी गंमत नंतर कळली. उजवी बाही मी मुलीच्या दहावीच्या वर्षी विणली होती. तिच्या गणिताच्या धास्तीने सगळे टाके आवळलेले. डावीच्या वेळी पावडरीमुळे सुया नुसत्या सुळसुळत होत्या. टाके तेवढेच, ओळी तेवढ्याच, पण बाही चांगली चार बोटं लांब. उसवायला वेळ नव्हता. निघायच्या दिवशी बाही तयार होती, फक्त स्वेटरला जोडलेली नव्हती.

मी सुई-दोरा घेऊन मांडव्याच्या जेट्टीपर्यंत गेले. तिथे बाकावर बसून म्हटलं, “अहो, घाला अंगात. खांदा कुठे येतो ते कळू दे.”

“इथे?”

“मग काय, कुलूला?”

भर अकराच्या उन्हात त्याने स्वेटर चढवला. रांगेतल्या एका बाईने काळजीने विचारलं, “ताप आलाय का यांना?”

“हो. हिमाचलला उतरेल,” मी म्हटलं आणि टाके घालत राहिले.

“वहिनी, लाँच लागली हाय,” मित्र म्हणाला.

“लागू दे.”

“सुटंल ना पन!”

“दोरी सोडली की सांगा.”

शेवटचा टाका घालून मी दोरा दातांनी तोडला. नवरा स्वेटर काढायला गेला तर आतला शर्टही वर आला. मी बाही दोन्हींना मिळून शिवली होती.

मित्र पोट धरून हसला. “चल आता तसाच! वहिनीनं पक्का काम केलाय.”

नवरा तसाच लाँचवर चढला. डावा हात बाहीत गडप झाला होता. त्याने मला निरोप दिला तो बाहीचं रिकामं टोक हलवून.

संध्याकाळी रेल्वेतून फोन आला. “शर्ट गेला.”

“आणि बाही?”

“हा नेलकटरने टाके कापतोय. तू आता बोलू नकोस, त्याचं लक्ष जातं.”

चार दिवसांनी फोटो आला. बर्फात दोघं उभे, अंगात गुडघ्यापर्यंतचे भाड्याचे केसाळ कोट. मी फोटो दोन बोटांनी मोठा करून पाहिला. स्वेटरचा धागाही दिसेना. लगेच फोन लावला.

“स्वेटर कुठाय?”

“आत.”

“बाही?”

“तीही आत.”

“खोकला?”

“नाही. आणि हातमोजा मी एकच घालतो, उजवा. डाव्याला लागत नाही.”

मागून मित्राचं हसणं ऐकू आलं. मी फोन ठेवला, पेटी उघडली आणि गोधडी बाहेर काढली. चौथी बाजू उलटसुलट करून पाहिली, घाम पुसला आणि परत घडी घालून ठेवली. मे महिन्यात गोधडी कोण शिवतं?